हरसूलच्या उमेदवारांनो, उभं का राहताय ते सांगा

प्रति,
त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हरसूल गटातून नाशिक जिल्हा परिषदेसाठी आणि त्यातल्या दोन्ही गणांतून पंचायत समितीसाठी उभे राहू इच्छिणारे सर्व उमेदवार



तुमचे फोटो आम्ही बघतोय. बाजारपेठेत, वाघेरा घाटाच्या तोंडाशी, एसटीच्या थांब्यावर, अगदी पाड्याकडे वळणाऱ्या कच्च्या रस्त्याच्या फाट्यावरही तुमचे फलक लागले आहेत. वाढदिवसाच्या शुभेच्छा, सणाच्या शुभेच्छा, खाली भावी सदस्य, भूमिपुत्र, सर्वसामान्यांचा आधार. फोटो मोठा, नेत्यांचे फोटो त्याहून वर, आणि तुम्ही कोण, आजवर काय केलंत, आता हे पद कशासाठी हवंय, याबद्दल एक ओळसुद्धा नाही. ती ओळ मागायला हे पत्र लिहिते आहे.

नाशिक जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला, तारखांवर तारखा पडल्या. 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घ्या असं सांगितलं, तेव्हा गावोगावचे इच्छुक जागे झाले. मग ती मुदतही पुढे गेली. एवढ्या काळात शाळेचं छप्पर उडालं, उपकेंद्रात नर्स नसली, अंगणवाडीचा पोषण आहार उशिरा आला, तर जाब विचारायला जिल्हा परिषदेत आपल्या मतावर निवडून गेलेलं माणूस नव्हतं. अर्ज घेऊन थेट नाशिकला जायचं, साहेब मीटिंगमध्ये आहेत असं ऐकायचं, आणि दिवसाची मजुरी बुडवून रात्री परत यायचं. म्हणून निवडणूक मला हवी आहे, मनापासून हवी आहे. पण इतकी वाट बघून जो माणूस पाठवायचा, तो नीट पारखून पाठवायचा आहे.

आधी पार्श्वभूमीचं बोलू. आपला भाग पाचव्या अनुसूचीतला. आदिवासी भागातल्या पंचायतींसाठीच्या पेसा कायद्यामुळे सरपंचपद आदिवासींसाठीच राखीव, आणि वरच्या जागाही आपल्याकडे बहुतेक आदिवासींसाठीच सुटतात. कोकणा असो, महादेव कोळी असो, वारली असो, उभा राहणारा आपल्यातलाच असणार. तेव्हा ‘मी तुमच्यातला आहे’ एवढं सांगून भागणार नाही, कारण समोरचाही तेच सांगणार आहे. तुमचा जन्म कुठल्या पाड्यावर झाला, हे आम्हाला माहीत आहे. जन्मानंतर तुम्ही कुठे होतात, ते विचारते आहे.

6 ते 12 मार्च 2018. नाशिकहून मुंबईला किसान सभेचा मोर्चा पायी निघाला. त्यात पेठ, सुरगाणा, दिंडोरी, त्र्यंबकेश्वरची माणसं होती, पायाची सालं निघेपर्यंत चाललेल्या म्हाताऱ्या बाया होत्या. एक मुख्य मागणी वनजमिनीच्या पट्ट्यांची होती. तुमचा पक्ष कोणता, हे मी विचारत नाही. त्या मोर्च्यात गेला नसाल तरी चालेल. पण वनहक्काचा कायदा 2006 साली आला. तेव्हापासून तुमच्या गावातल्या किती दाव्यांच्या फायली तुम्ही हातात घेतल्या? कसलेली जमीन एक आणि पट्ट्यावर लिहिलेली तिच्या निम्म्यानेही नाही, ही तक्रार घेऊन तुमच्या ओट्यावर कोणी आलं तेव्हा तुम्ही काय केलंत? उपविभागीय कार्यालयात सोबत गेलात, की ‘बघतो’ म्हणालात?

हे मी मुद्दाम विचारते, कारण जिल्हा परिषदेच्या सदस्याचा इथे थेट संबंध आहे आणि प्रचारात तो कोणी सांगत नाही. वनहक्काचे दावे शेवटी जिल्हास्तरीय समितीपुढे जातात. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष. त्या समितीवर जिल्हा परिषदेचे तीन सदस्य असतात आणि त्यांतले किमान दोन आदिवासी असावे लागतात. खाली उपविभागीय समितीवर पंचायत समितीचे तीन सदस्य असतात. निवडणूकच झाली नाही, तर त्या खुर्च्यांवर मतदारांनी पाठवलेला माणूस बसू शकत नाही. फाईल पुढे सरकते ती अधिकाऱ्यांच्या टिपणीवर. कोण किती वर्षांपासून कसतोय, कोणत्या बांधापर्यंत कसतोय, 13 डिसेंबर 2005 च्या आधी तिथे कोणाची नागली उभी होती, हे सांगणारं माणूस समितीत लागतं. तुम्हाला पद हवं असण्याचं हे एक कारण असेल, तर ते फलकावर लिहा. मी ते वाचायला थांबेन.

पदाच्या हातात काय आहे आणि काय नाही, हे उमेदवाराला ठाऊक असलं पाहिजे. मागच्या वेळी प्रचारात ऐकलं होतं, हरसूलच्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर आणतो. टाळ्याही पडल्या. ग्रामीण रुग्णालय जिल्हा परिषदेकडे नाही; ते जिल्हा शल्यचिकित्सकांच्या, म्हणजे राज्य सरकारच्या अखत्यारीत येतं. जिल्हा परिषदेकडे येतात प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि त्यांची उपकेंद्रं. पावसाळ्यात सर्पदंश झाला, बाळंतपण अडलं, तर पाड्यावरून माणूस आधी तिथेच पोचतो. आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या. गावातली पहिली ते चौथीची शाळा आणि अंगणवाडी मात्र जिल्हा परिषदेची. राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचा. पाड्याला जोडणारा ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचा. रुग्णालयात डॉक्टर आणतो म्हणणारा उमेदवार एकतर अडाणी आहे किंवा आम्हाला अडाणी समजतो. उपकेंद्रात नर्स मुक्कामी राहील, राहिली नाही तर आरोग्य समितीच्या बैठकीत नाव घेऊन विचारेन, असं म्हणणारा उमेदवार मला अजून भेटलेला नाही.

आता पाण्याचं. आपल्याकडे पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. आवणीच्या दिवसांत छत्री धरली तरी माणूस ओलाच. ते सगळं पाणी काळ्या पाषाणावरून घसरतं आणि पश्चिमेला दमणगंगेच्या खोऱ्यातून थेट समुद्राकडे जातं. होळीनंतर विहिरी तळाला लागतात. एप्रिल-मेमध्ये झिऱ्यावर जाऊन बघा. खडकाच्या कपारीत हाताच्या ओंजळीएवढा खड्डा, त्यात पाणी थेंबाथेंबानं साचतं. बाई वाटीनं ते उपसते, ओढणीतून गाळून हंड्यात ओतते, आणि पुन्हा साचायची वाट बघत बसते. तिच्या मागे आणखी पाच-सहा हंडे रांगेत, त्यांच्या बाया सावलीला. पहाटे नंबर लावला तर उन्हं वर येईपर्यंत दोन हंडे होतात. त्याच पाड्यावर पाण्याची टाकी उभी आहे, रंगही नवा आहे. नळ आहेत, तोट्या आहेत. पाणी नाही, कारण टाकी बांधायच्या आधी पाणी आणायचं कुठून याचा विचार झाला नाही.

जलजीवन मिशन 2019 मध्ये जाहीर झालं, माणशी दिवसाला 55 लिटर पाणी देण्याचं ठरलं. गावपातळीवरच्या बहुतेक योजना राबवायच्या जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागानं. म्हणजे हा प्रश्न तुमच्या पदाच्या अगदी मधोमध आहे. टाकीचं काम कोणाला मिळालं, उद्भव कोणी तपासला, काम पूर्ण झाल्याचा दाखला कोणी दिला, हे विचारण्याचा अधिकार सदस्याला आहे. तुम्ही विचाराल का?

हा प्रश्न तुमच्यातल्या काहींना अडचणीचा वाटेल, हे मला माहीत आहे. आपल्या भागात ठेकेदारी आणि राजकारण एकाच घरात राहतात. जिल्हा परिषदेच्या कामात सदस्याचा प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हितसंबंध असला तर तो अपात्र ठरतो, असं 1961 चा जिल्हा परिषद कायदाच सांगतो. म्हणून ठेका मेव्हण्याच्या नावावर असतो, भाच्याच्या नावावर असतो, सोसायटीच्या नावावर असतो. उमेदवारी अर्जासोबत जे शपथपत्र तुम्ही द्याल, त्यात गुन्हे, मालमत्ता, देणी, शिक्षण हे सगळं येईल. ते कायद्यानं द्यावंच लागतं. कुटुंबात, नात्यात कोणाकडे सरकारी कामांचे ठेके आहेत, हेही एका कागदावर लिहून द्या. ठेकेदारी करणं हा गुन्हा नाही. रस्ता कोणीतरी बांधायचाच आहे. पण स्वतःच्या घरच्या कामाचा दर्जा तपासायला माणूस सभागृहात उभा राहत नाही, आणि मला तो उभा राहणारा माणूस हवा आहे.

शेंद्रीपाड्याची आठवण द्यायला हवी. आपल्याच तालुक्यातल्या खरशेत ग्रामपंचायतीचा पाडा. तास नदीवर लाकडी बल्ल्या टाकलेल्या, खाली खोल घळ, आणि डोक्यावर हंडा घेऊन त्या बल्ल्यांवरून पलीकडे जाणाऱ्या बाया. ती दृश्यं राज्यभर पोचली, तेव्हा मंत्री असलेल्या आदित्य ठाकरे यांनी लक्ष घातलं, जानेवारी 2022 मध्ये लोखंडी पूल उभा राहिला, ते स्वतः येऊन गेले. त्याच वर्षी जुलैच्या पुरात तो पूल वाहून गेला. मंत्र्यानं मनावर घेतलं, ते चांगलंच केलं. पण त्या बल्ल्या काही एका रात्रीत पडलेल्या नव्हत्या. बाया वर्षानुवर्षं त्यावरून जात होत्या, आणि मुंबईच्या कॅमेऱ्यात दिसेपर्यंत तो प्रश्न गट, गण, ग्रामपंचायत यांतल्या कोणाच्याच हातून सुटला नाही. नदीला पूर किती येतो हे पाड्यावरच्या म्हाताऱ्यांना माहीत होतं. पूल बांधताना त्यांना कोणी विचारलं असतं, आणि त्यांचं म्हणणं पाठपुरावा करून अभियंत्यापर्यंत नेणारं कोणी असतं, तर गोष्ट वेगळी झाली असती असं मला वाटतं. गावातलाच माणूस त्या जागी हवा, तो यासाठी.

इथे हिवरे बाजारचं उदाहरण देते. पूर्वीच्या नगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं ते गाव आज सगळ्यांना माहीत आहे, पण पोपटराव पवार उभे कसे राहिले, हे कमी सांगितलं जातं. एम.कॉम. झालेला तरुण, क्रिकेट खेळणारा, घरच्यांची इच्छा त्यानं खेळात नाव काढावं अशी. गाव दारू आणि भांडणांनी पोखरलेलं, तरुण मजुरीला बाहेर. गावातल्या पोरांनी त्यांना गळ घातली आणि 1989 मध्ये ते सरपंच झाले. त्यांना पद कशासाठी हवं होतं, हे पहिल्या काही वर्षांतच दिसलं: बांधबंदिस्ती, झाडं, चराईबंदी, आणि पुढे पाण्याचा ताळेबंद. शेतीसाठी विंधन विहीर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही, असे कडू निर्णय गावानं ग्रामसभेत घेतले आणि पाळले. तिथे पाऊस 400 मिलिमीटरच्या घरात. आपल्या पाचव्या हिश्श्याएवढ्या पावसावर त्यांच्या विहिरींना पाणी राहिलं. हिवरे बाजारची नक्कल करा असं मी म्हणत नाही. आपला डोंगर वेगळा, आपली जमीन वनखात्याच्या ताब्यातली, आपला पाऊस वेगळा. पण त्या माणसाला पद कशासाठी हवं होतं हे त्याच्या गावाला कळलं. तेवढं तरी तुमच्याबद्दल आम्हाला माहीत हवं.

आणि आपल्या पाण्यावर दुसऱ्यांची नजर आहे, हेही लक्षात असू द्या. दमणगंगेचं पाणी पेठ तालुक्यातल्या एकदरे इथे अडवून, उचलून गोदावरी खोऱ्यात टाकायची योजना सरकारच्या कागदावर आहे. गोदावरीकाठच्या दुष्काळी भागाला पाणी मिळू नये असं म्हणायला माझी जीभ धजत नाही. पण ज्या डोंगरावर ते पाणी पडतं, तिथल्या बाईचा हंडा आधी भरला पाहिजे. जिल्हा परिषदेच्या सभागृहात हे ठामपणे कोण म्हणणार? निफाड-सिन्नरचे सदस्य म्हणणार नाहीत, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

जुलै 2015 चं बोलायचं टाळतात सगळे. मी टाळणार नाही. तेव्हा हरसूल पेटलं, दुकानं जळली, गोळीबार झाला, संचारबंदी लागली, आणि आठवडे बाजारात पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांकडून मीठ-मिरची घेणारी माणसं एकमेकांकडे संशयानं बघायला लागली. त्या दिवसांत तुम्ही कुठे होतात? कोणाला अडवलंत? नंतर कोणाच्या दारात जाऊन बसलात? निवडणुकीत त्या जखमेवरची खपली काढून मतं मागणारा उमेदवार माझ्या दारात आला तर त्याला पाणी देईन, मत देणार नाही.

तुमच्यात बायका असतील, त्यांच्याशी थोडं वेगळं बोलायचं आहे. स्थानिक संस्थांत निम्म्या जागा आपल्यासाठी राखीव आहेत. ताई, तुम्ही उभ्या राहताय याचा मला आनंद आहे. पण प्रचारात भाषण तुमचे मिस्टर करतील, सभेला ते जातील, सही तेवढी तुमची, असं असेल तर थांबा. झिऱ्यावर तुम्ही बसल्या आहात, ते बसलेले नाहीत. पाण्यावर बोलायचा पहिला अधिकार तुमचा आहे, आणि अडखळत बोललात तरी आम्ही ऐकू. आपल्या बोलीत बोला. नाशिकच्या सभागृहातही आपल्या बोलीत बोला.

मतदानाच्या तारखेचंही सांगते, कारण त्यात तुमच्या हेतूची परीक्षा आहे. दिवाळी झाली की आपली निम्मी घरं कुलूपबंद होतात. भात झोडून झालं, नागली घरात आली, की माणसं गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात उभी राहतात. द्राक्षबागांची छाटणी, मग विरळणी, डिपिंग, पुढे मार्चपर्यंत खुडा. माझी आई वर्षानुवर्षं त्या बाजारात पहाटे थंडीत उभी राहिली आहे. बागाईतदाराची गाडी येईपर्यंत बायका पदर कानाला बांधून घोळक्यानं उभ्या असतात, आणि दर ठरतो तो त्या दिवशी किती माणसं उभी आहेत त्यावर. काही जण उचल घेऊन बागेतच झोपडी करून राहतात, पोरं सोबत. हिवाळ्यात निवडणूक लागली की तुम्ही या माणसांना आणायला गाड्या पाठवता. बागेच्या दारात जीप उभी राहते, चहा-नाश्ता होतो, मतदान होतं, संध्याकाळी परत सोडतात. एवढ्या लांब गाडी पाठवता येते, तर त्यांची पोरं गावातच राहून शिकावीत म्हणून हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू होईल, दिवाळीनंतर दोन महिन्यांनी नव्हे तर कुटुंब निघण्याआधी, एवढं का करता येत नाही? हे काम जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाचं आहे. गाडीत बसलेल्या माणसाला तुम्ही नाव विचारता, यादीतला क्रमांक विचारता. पोरगी कितवीत आहे, तेही विचारा.

मी तुमच्या विरोधात नाही. आपल्या पाड्यांवरून कोणीतरी उठून निवडणुकीला उभं राहतं, पैसे नसताना राहतं, घरच्यांचा विरोध पत्करून राहतं, याची मला किंमत आहे. शिकलेली पोरं ‘राजकारण घाण आहे’ म्हणून नाशिकला भाड्याच्या खोलीत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत बसतात. पेसा क्षेत्रातल्या नोकरभरतीसाठी 2024 मध्ये याच पोरांना आदिवासी विकास भवनासमोर आंदोलनाला बसावं लागलं. त्यांच्यातलं कोणी या वेळी अर्ज भरणार असेल, तर अनुभव नाही म्हणून मी त्याला नाकारणार नाही. पेसाचा पाच टक्के अबंध निधी आपल्या ग्रामपंचायतीत कशावर खर्च झाला, हे ज्यानं माहिती मागवून वाचलं आहे, तो माझ्या लेखी अनुभवी आहे.

म्हणून एक विनंती. अर्ज भरण्याआधी ग्रामसभा लावून घ्या. आचारसंहिता लागली की ते जमत नाही, तेव्हा आधीच. सगळे इच्छुक एका दिवशी या, सोबत नेता आणू नका, डीजे आणू नका. प्रत्येकानं आपल्या तोंडानं सांगायचं: मी कोण, गेल्या पाच वर्षांत गावासाठी काय केलं, आणि हे पद मला कोणत्या कामासाठी हवं आहे. एकच काम सांगितलंत तरी चालेल. जे सांगाल ते ग्रामसेवकाकडून इतिवृत्तात लिहून घेऊ आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावू. वेळ सकाळची ठेवू नका, बाया पाण्याला गेलेल्या असतात. दुपारी चारनंतर ठेवा. मी येईन, आणि पहिला प्रश्न वनपट्ट्यांच्या फायलींचा विचारीन.

आपली,
हरसूल गटातली एक मतदार